वाया गेलेली दश्शी

"तू बस."

"मी कशाला? तू बस की."

"माझं कडेचं आहे रे. मधलं साईनाथचं."

"मला मधे बसलं की घुसमटतं."

विमानाच्या अरुंद वाटेत साठीचे तीन पुरुष एकमेकांना असे पुढे ढकलत उभे होते आणि मी खिडकीशी बसून बघत होते. माझ्या शेजारच्या खुर्चीत कोणी बसायचं, हा वाद होता. मागे माणसं सामान छातीशी धरून खोळंबली होती. हवाईसुंदरी एकदा हसून आणि एकदा न हसता "प्लीज सर" म्हणून गेली. शेवटी जयसिंग भावोजी पुढे झाले. वेळ आली तर चटकन उठता यावं अशा बेताने ते खुर्चीच्या अगदी कडेवर टेकले आणि आपली कापडी पिशवी त्यांनी आमच्या दोघांच्या मधे कोंबली. पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. पुण्याहून बँकॉकपर्यंत मी त्या दशम्यांना खेटून गेले.

"काय लागलं तर सांगा वयनी," ते समोरच्या खुर्चीच्या पाठीशी बोलले.

"सांगते," मी म्हटलं. "तुम्ही आधी श्वास घ्या."

हे तिघेही माझ्या नवऱ्याचे मित्र. हडपसर गावठाणात आमची पिठाची गिरण आहे. पुढे गिरण, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तीस वर्षं दर रविवारी दुपारी गिरण बंद झाली की मागच्या खोलीत सतरंजी पडायची आणि चौघे मेंढीकोट खेळायला बसायचे. जयसिंग भावोजींनी सगळा जन्म शहरात बस चालवली. साईनाथ भावोजींचं बाजारात कापडाचं दुकान आहे, आणि त्यांना पालीपासून पोलिसापर्यंत सगळ्याची भीती वाटते. विक्रम भावोजी कंपनीतून निवृत्त झालेले. जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिलेला असतो. आणि चौथे आमचे हे, बद्रीनाथ.

मेंढीकोट चौघांचाच खेळ. समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू. चार रंगांच्या चार दश्श्या, त्यांनाच मेंढ्या म्हणायचं. ज्या जोडीने जास्त मेंढ्या ओढल्या तिचा डाव. एवढ्याशा गोष्टीसाठी ते जो आरडाओरडा करायचे, तो ऐकून नवीन गिऱ्हाईक दळणाचा डबा दारातच ठेवून मागे सरायचं. ह्यांचे भिडू जयसिंग भावोजी. आमचे हे मेंढी टाकायची घाई करायचे, ती हमखास दुसऱ्याच्या घशात जायची आणि मग जयसिंग भावोजींचा आवाज रस्त्यापर्यंत पोचायचा, "बद्र्या, डोकं दळायला टाकलंयस का?"

मी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात असायचे. चौकटीला खांदा टेकून मी किती डाव पाहिले त्याला गणती नाही. तुम्हीही बसा, असं कधी कोणी म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. एका गोष्टीवरून मात्र माझं ह्यांच्याशी कायम वाजायचं. पंख्याखालची चांगली जागा सोडून हे भिंतीला पाठ लावून, स्वयंपाकघराकडे तोंड करून बसायचे. उन्हाळ्यात बनियन घामाने पाठीला चिकटायचं, पण जागा बदलायचे नाहीत. चहा सांगायला सोयीचं म्हणून तिथे बसतात, अशी माझी समजूत होती आणि त्याचा मला फार राग यायचा.

गेल्या दिवाळीनंतर हे गेले. सकाळी गिरणीचा पट्टा बदलत होते, छातीत दुखतंय म्हणाले, आणि संध्याकाळी नव्हते.

माणूस गेलं की घरातला आवाज कमी होणार, एवढं मला समजत होतं. पण इतका कमी होईल असं वाटलं नव्हतं. हे तिघे तेराव्यापर्यंत रोज आले, सगळी धावपळ त्यांनीच केली, आणि मग रविवारचं येणं बंद झालं. ज्या घरातून माणूस गेलंय तिथे पत्ते कसे कुटायचे, हा संकोच. शिवाय तिघांत मेंढीकोट होत नाही. रस्त्यात भेटले की "कसं चाललंय वहिनी?" असं विचारून तिघेही माझ्या चपलांकडे बघत राहायचे. बाकीचेही तसलेच. गल्लीतल्या मंदाकिनीबाई आयुष्यभर "पीठ जाडं काढलंस" म्हणून माझ्याशी भांडत आलेल्या. त्याही निमूट डबा घेऊन जायला लागल्या. एकदा मी मुद्दाम त्यांची ज्वारी रव्यासारखी काढून दिली. बोटांनी चाचपून म्हणाल्या, "छान आहे हं." त्या दिवशी मी गिरणीत बसून रडले. सगळं गाव माझ्याशी दवाखान्यातल्या आवाजात बोलत होतं, आणि हे असंच शेवटपर्यंत चालणार या विचाराने मी घाबरले होते.

थायलंडचा बेत त्या चौघांचा, हे असतानाच ठरलेला. घरी बायकांना सांगितलं होतं की बुद्धाची मोठमोठी देवळं बघायची आहेत. देवळासाठी यांतला एकही जण कधी पहाटे उठल्याचं मला आठवत नाही. ह्यांनी तर खास खरेदीही केली होती: नारळाची झाडं छापलेली पिवळीधमक हाफ पँट. "ही घालून गिरणीत बसा, गिऱ्हाईक वाढेल," मी म्हटलं होतं. त्यावर घडी न मोडता ती कपाटात गेली आणि तिथेच राहिली.

आमच्या ह्यांचं तिकीट रद्द करतो म्हणून विक्रम भावोजी सांगायला आले, तेव्हा मी म्हटलं, "करा. आणि त्या जागी माझं काढा."

ते हातातला मोबाईल उलटसुलट करत बसले. "वहिनी, म्हणजे… आम्ही तिघं जेन्ट्स…"

"मला दिसतंय ते."

"पासपोर्ट लागतो."

"आहे. ऋतुजा जर्मनीला होती तेव्हा काढलाय. कोरा आहे."

मला थायलंडची ओढ होती असं नाही. नकाशावर ते कुठे आहे हेही मी नंतर पाहिलं. मला माझे रविवार परत हवे होते. नवरा परत येणार नव्हता, पण हे तिघे येऊ शकत होते; आणि आले तर माझ्याशी माणसासारखं बोलायला, भांडायला आले पाहिजे होते. हडपसरमध्ये ते जमेना. परदेशात एका गाडीत, एका टेबलाशी आठवडाभर सापडतील, तेव्हा कुठे पळतील, असा माझा हिशेब होता.

लेक ऋतुजा येरवड्याहून धावत आली. "आई, आर यू सिरियस? थायलंड? आणि काका लोकांबरोबर?"

"हो. आणि आठवडाभर गिरण तू बघायची आहेस."

"माझं वर्क फ्रॉम होम आहे!"

"मग होम इथे कर."

गल्लीत कुजबुज झाली. वर्ष झालं नाही आणि ही निघाली, वगैरे. तिघांच्या बायका मात्र खूश झाल्या. एकीचे गुडघे, एकीचा नातू, एकीला विमानाचं भय, म्हणून तिघीही घरीच राहणार होत्या. जयसिंग भावोजींच्या तुळजाबाईंचा फोन आला, "तू हायेस ना संगं, आता मला घोर न्हाई." तीन नवऱ्यांवरची देखरेख अशी आपसूक माझ्याकडे आली, आणि ती तिघांच्या चेहऱ्यावर पहिल्या दिवसापासून दिसत होती.

बँकॉकहून आम्ही क्राबीला उतरलो. तिथे समुद्र आहे. सगळ्यांच्या बॅगा पट्ट्यावरून आल्या, साईनाथ भावोजींची आली नाही. पट्टा थांबला, दिवे मंद झाले, तरी ते तोंड वासून त्या भोकाकडे बघत होते. विक्रम भावोजींनी काउंटरवर जाऊन बरंच इंग्रजी केलं. तिथल्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि "टुमारो" एवढं एकच उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशीही तिचं उत्तर तेच होतं.

विमानात गारठतं असं कोणीतरी सांगितल्यामुळे साईनाथ भावोजी अंगावर लोकरीचा स्वेटर आणि टेरिकॉटची पँट घालून आले होते. क्राबीत अंगाची लाही होत होती. हॉटेलच्या गाडीत ते वाफ आल्यासारखे बसले होते. त्यांच्या पलीकडे जयसिंग भावोजी ड्रायव्हरच्या मागे बसून प्रत्येक वळणावर उजवा पाय दाबत होते. "ब्रेक मार… मार की रं…" असं पुटपुटत त्यांनी विमानतळ ते हॉटेल अख्खी गाडी स्वतःच चालवली. आणि मला काही बोललं की तिघेही "हो वहिनी" म्हणत. गरम होतंय ना? हो वहिनी. भूक लागली का? हो वहिनी. भिंतीशी बोलल्याचं समाधान तरी जास्त असतं.

खोलीत जाऊन मी बॅग उघडली. सगळ्यात खाली ह्यांची पिवळी हाफ पँट होती. ती मी का आणली, मला सांगता येणार नाही. समुद्रात सोडायची वगैरे नाटकं माझ्या डोक्यात नव्हती. साड्यांच्या घड्या घालताना कपाट उघडं होतं, हात तिकडे गेला, एवढंच. मी ती घेऊन साईनाथ भावोजींचं दार वाजवलं.

त्यांनी ती ओळखली. दुकानातून कापड ओळखतात तशी बोटांनी चाचपली. "वहिनी, ही तर…"

"हो. घाला. उष्माघाताने गेलात तर तुमच्या बायकोला मी काय सांगू?"

ते जिना उतरून खाली आले तेव्हा मी बाकावर बसले होते. साईनाथ भावोजी काडीसारखे. पँट त्यांच्या कमरेभोवती गोळा करून नाडीने आवळलेली, खाली नारळाची झाडं झुलत होती. ह्यांच्या अंगावर ती कशी दिसली असती हे मी कधी बघितलंच नव्हतं, मी थट्टा करून ठेवली होती. जयसिंग भावोजींनी तोंड फिरवलं. विक्रम भावोजी चष्मा पुसायला लागले.

"नाडी नीट बांधा," मी म्हटलं. "परदेशात अब्रू जायची."

कोणी हसलं नाही. तिघांनीही माना खाली घातल्या, जणू मी श्लोक म्हणाले होते.

समुद्रावर तर आणखीच मजा. तिथे गोऱ्या बायका-पुरुष अपुऱ्या कपड्यांत वाळूवर पडलेले. माझ्यासमोर हे कसं बघायचं, म्हणून तिघांनी समुद्राकडे पाठ केली आणि रस्त्यावरच्या विजेच्या खांबांचं निरीक्षण करत उभे राहिले. एवढ्या लांब येऊन त्यांनी पहिल्या दिवशी जे पाहिलं ते खांब. मी साडी घोट्यापर्यंत उचलून पाण्यात गेले. पाणी कोमट होतं, तळ दिसत होता आणि बोटाएवढे मासे माझ्या पावलांपाशी येऊन टोचून जात होते. मला इतकं छान वाटलं की मी मागे वळून हाक मारली. तिघांनीही खांबाकडे बघतच हात हलवले.

परतताना दुकानांच्या रांगेत दर चार पावलांवर बायका "मसाऽऽज" म्हणून हाका मारत होत्या. तिघेही कानापर्यंत लाल होऊन भरभर चालायला लागले. मी थांबले. एका दुकानाबाहेर पायांची चित्रं लावलेली होती. तीस वर्षं गिरणीत उभं राहून माझ्या पोटऱ्यांवर शिरांची जाळी झाली आहे. मी सरळ आत जाऊन खुर्चीत बसले.

माझ्याच वयाची बाई होती. तिने कोमट पाण्यात माझे पाय धुतले, टाचांच्या भेगा पाहून स्वतःच्या टाचा मला दाखवल्या, तशाच होत्या. आम्ही दोघी हसलो. मग तिने पोटऱ्यांवर अंगठे असे काही रोवले की माझ्या तोंडून "आई गं" निघालं आणि डोळ्यांतून पाणी आलं. माझे पाय लग्नानंतर कोणी हातात घेतले नव्हते. मीच दुसऱ्यांचे, सासूचे, बाळंतिणींचे, ह्यांचे आजारपणात पाय चेपलेले. सुखाने रडायला येतं, हे मला त्या खुर्चीत समजलं.

डोळे पुसून बघते तर तिघे दारात कडक उभे, बँकेच्या पहाऱ्यावर असल्यासारखे.

"या की," मी म्हटलं. "तुळजाबाईंना मी सांगते, फक्त गुडघ्याखाली."

ही माझी पहिली जीत. तिघेही ओळीने बसले. जयसिंग भावोजींना गुदगुल्या होतात, हे त्या दिवशी जगाला समजलं. एवढा मिशीवाला माणूस खुर्चीचे हात धरून खिंकाळत होता. निघताना त्यांनी पिशवीतून एक दशमी काढून तिच्यावर चटणी ठेवून माझ्या त्या मसाजवाल्या बाईला दिली. तिने घास घेतला, डोळ्यांत टचकन पाणी आणलं आणि दुसरीसाठी हात पुढे केला. रस्त्याने येताना तिघेही मोठ्याने बोलत होते. मला वाटलं, जमलं. पण हॉटेलच्या दारात विक्रम भावोजी पुन्हा हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, दमला असाल. तुम्ही आराम करा." दार पुन्हा लागलं.

त्यानंतरच्या दिवशी बेटांवर जायचं होतं. सकाळी तयार होऊन खाली गेलो तर समुद्र खवळल्यामुळे बोटी बंद. विक्रम भावोजींनी बोटवाल्याला मोबाईलवर ऊन दाखवलं. त्याने बोटाने समुद्र दाखवला. सगळा दिवस मोकळा पडला. मी खोलीत जाऊन पडले, पण पडून पडून किती पडणार. दुपारी मी त्यांच्या खोलीपुढच्या व्हरांड्यात गेले.

तिघे खाली चटईवर गोल बसले होते. मला पाहताच साईनाथ भावोजींनी हातातलं काहीतरी टॉवेलखाली सारलं आणि विक्रम भावोजी म्हणाले, "या या वहिनी, सहज गप्पा चालल्यात." टॉवेलखालून चौकटचा गुलाम अर्धा बाहेर डोकावत होता.

"काय खेळत होता?"

साईनाथ भावोजींनी टॉवेल आणखी पुढे ओढला. मग जयसिंग भावोजी म्हणाले, "पाच-तीन-दोन."

पाच-तीन-दोन हा तिघांचा खेळ. सुट्टीत पोरं खेळतात. मेंढीकोटातली ही मुरलेली माणसं परदेशात येऊन टॉवेलखाली लपवून पोरांचा खेळ खेळत होती. मला आधी हसू आलं, मग संताप आला. चौथ्या बाजूची चटई रिकामी होती. त्या बाजूला कोणी पायही पसरला नव्हता.

मी त्या रिकाम्या बाजूला बसले. "सगळी पानं काढा. मेंढीकोट वाटा."

"तुम्हाला येतं वहिनी?" विक्रम भावोजींनी विचारलं.

"तीस वर्षं दारात उभी होते मी. झोपले नव्हते."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मी बसले होते तिथून समोर जयसिंग भावोजी होते, म्हणजे तेच माझे भिडू. त्यांनी पत्ते पिसायला घेतले.

पहिले दोन डाव आम्ही हरलो, पण सभ्यपणे. ते तिघे पाहुण्यांशी खेळतात तसं खेळत होते. मी चुकीचं पान टाकलं की "असू दे, असू दे." मी बरं टाकलं की "वा वहिनी!" मला ते पत्ते समुद्रात फेकून द्यावेसे वाटले. तिसऱ्या डावात मात्र रंग भरला. हुकूम इस्पिकचा. आमच्याकडे दोन मेंढ्या आल्या होत्या, त्यांच्याकडे एक, आणि शेवटची, बदामाची दश्शी, माझ्या हातात होती. ती आमच्याकडे आली की डाव आमचा. जयसिंग भावोजी पुढे सरकून बसले होते. पाहुणचार हळूहळू विसरला जात होता.

विक्रम भावोजींनी बदामाची राणी उतरली. माझ्याकडे बदामाची दोनच पानं, तिर्री आणि ती दश्शी. मी जयसिंग भावोजींकडे पाहिलं. त्यांचा उजवा पाय हलत होता. हे मला नेहमी सांगायचे, जयसिंगचा पाय हलला की त्याच्याकडे हुकूम असतोच. म्हणजे ते ही राणी हुकमाने मारणार आणि माझी दश्शी त्यांच्या पदरात पडणार. इतक्या वर्षांचं निरीक्षण कामाला आलं म्हणून मी ऐटीत दश्शी टाकली.

साईनाथ भावोजींनी तिच्यावर बदामाचा एक्का ठेवला. जयसिंग भावोजींकडे हुकूम होताच. पण बदामाचंही एक पान होतं, आणि बदाम हातात असताना हुकूम मारता येत नाही. त्यांनी आपली बदामाची पंजी खाली टाकली, माझ्या हातातली तिर्री त्यांना दिसली, आणि त्यांनी चटईवर हात आपटला.

"अवो काय हे! तिर्री हातात ठिवून मेंढी टाकत्यात व्हय? एक्का पडला न्हवता अजून, दिसत न्हाई? डोकं दळायला टाकलंय का तुमी?"

खाली बागेला पाणी घालणारा माणूसही वर बघायला लागला. जयसिंग भावोजींचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी पानं ठेवली आणि दोन्ही हात जोडले. "चुकलं वयनी. तोंडातनं गेलं. माफी करा."

मला हसू फुटलं. थांबेना. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. हसता हसता कधी रडायला लागले ते माझं मलाही समजलं नाही. तिघे घाबरून गेले. साईनाथ भावोजी पाण्याची बाटली घेऊन पुढे-मागे करू लागले.

"माफी मागू नका," मी कसंबसं म्हटलं. "हे गेल्यापासून मला कोणी रागावलेलं नाही. एक माणूस ओरडलं नाही माझ्यावर. पीठ जाडं आलं तरी छान म्हणतात. मी काय मेले आहे का त्यांच्याबरोबर? मी आहे. मी चुकले, तर ओरडा."

कोणीच काही बोललं नाही. समुद्राचा आवाज येत होता. मग जयसिंग भावोजी खाली बघत म्हणाले, "बद्री बी अशीच घालवायचा. बदामाचीच. तीस वर्स सांगितलं मी त्याला." त्यांनी मनगटाने डोळे पुसले. "आता तुमास्नी सांगायचं नशिबात हाय व्हय?"

"दिसतंय तसं."

"त्याच्या चुका तरी सरळ असायच्या," विक्रम भावोजी म्हणाले. "तुम्ही विचार करून चुकलात. हे जास्त डेंजर आहे."

हे गेल्यानंतर त्यांचं नाव आमच्यात पहिल्यांदा असं उघड्यावर आलं. मग ते थांबेचना. ह्यांनी एकदा पत्त्यांच्या नादात दळण तसंच चालू ठेवून मंदाकिनीबाईंच्या गव्हाचा कसा भुगा केला होता, साईनाथ भावोजींच्या लग्नात कोणाच्या चपला कशा बदलल्या होत्या, सगळं निघालं. मला ठाऊक नसलेलं बरंच निघालं. अंधार पडेपर्यंत आम्ही खेळलो आणि मी आणखी तीनदा शिव्या खाल्ल्या. मीही एकदा दिल्या. विक्रम भावोजींनी पानं मोजण्यात लबाडी केली होती, ती मी दारात उभी राहून वर्षानुवर्षं बघत आले होते, आज पहिल्यांदा बोलले. जयसिंग भावोजी आ वासून म्हणाले, "म्हंजे इतकी वर्सं?"

दुसऱ्या दिवशी बोटी सुरू झाल्या. साईनाथ भावोजींची बॅग आम्ही परत निघायच्या दिवशी आली; त्यांनी ती न उघडताच परत विमानाच्या सामानात टाकली आणि हाफ पँटवरच विमानात चढले. परतताना माझ्या शेजारी कोणी बसायचं यावरून पुन्हा भांडण झालं, कारण आता तिघांनाही मी डाव कसा घालवला ते मला समजावून सांगायचं होतं.

हडपसरला आल्यावर मात्र मला धाकधूक लागली. विमानतळावर ज्याचे त्याचे लोक न्यायला आले, गडबडीत निघून गेले, आणि रविवारचं कोणीच काही बोललं नाही. परदेशातलं तिथेच राहतं, असं मी मनाला बजावलं. शनिवारी मंदाकिनीबाई डबा घेऊन आल्या. ऋतुजाने आठवडाभर काय दळलं होतं देव जाणे. त्या तणतणल्या, "तुझ्या पोरीने पार माती केली माझ्या पिठाची!" मी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हटलं, "अजून बोला." त्या जरा बुचकळ्यात पडल्या.

रविवारी दुपारी मी गिरण बंद केली. मागची खोली झाडली. सतरंजी अंथरली आणि ती बघून मलाच लाज वाटली, म्हणून अर्धी गुंडाळली. पुन्हा पसरली. तेवढ्यात दारात जयसिंग भावोजींची मोटारसायकल फटफटली. मागे साईनाथ भावोजी. विक्रम भावोजी चालत.

साईनाथ भावोजींच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं होतं. आत हाफ पँट, धुतलेली. इस्त्रीवाल्याने तिला पँटसारखी कडक घडी पाडून दिली होती. "परत द्यायला आणली," ते म्हणाले.

"असू द्या तुमच्याकडे. पुढच्या वर्षी लागेल."

तिघे आपापल्या जागी बसले. भिंतीकडची बाजू मोकळी होती. विक्रम भावोजी सवयीने म्हणाले, "वहिनी, चहा ठेव…" आणि अर्ध्यावर जीभ चावली. साईनाथ भावोजी उठले. "मी टाकतो. साखर कुठल्या डब्यात?" ते आत गेले आणि भांड्यांचा खणखणाट सुरू झाला.

मी भिंतीला पाठ लावून बसले. पंखा इथे खरंच लागत नव्हता. जयसिंग भावोजी पत्ते पिसत होते. मी समोर पाहिलं. त्या जागेवरून खिडकी दिसत नाही, गिरण दिसत नाही, रस्ता दिसत नाही. फक्त स्वयंपाकघराचं दार दिसतं. चौकटीवर, माझ्या खांद्याच्या उंचीला, रंग झिजून तेलकट काळसर डाग पडलेला होता. घराला दोनदा रंग दिला तरी तो पुन्हा पडला होता. मी तो कधी पाहिला नव्हता. मी टेकलेली असायचे, मला दिसणार कसा?

ह्यांना तो दर रविवारी दिसत होता. डाग नव्हे, मी. चहासाठी नव्हते बसत हे इथे. आणि मी तीस वर्षं पंख्यावरून भांडले.

पानं वाटून झाली. माझी माझ्यापुढे पडली होती. साईनाथ भावोजी चहाचा ट्रे घेऊन दारात आले आणि डाव बघत चौकटीला खांदा टेकून उभे राहिले.

"तिथे नका टेकू," मी म्हटलं.

"का हो? रंग ओला आहे का?"

"नाही."

ते चटकन बाजूला झाले आणि ट्रे ठेवून आपल्या जागी बसले. चहा पांचट झाला होता. तरी सगळ्यांनी प्यायला.

"वयनी, उतारी तुमची हाय," जयसिंग भावोजी म्हणाले. "बगत काय बसलाय? टाका."

मी पानं उचलली.